ब्रेड्थ म्हणजे केवढी

“पण मराठीत त्याला नेमकं काय म्हणायचं, अप्पा?”

अप्पांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून ते करडईची भाजी निवडत होते. कोवळी पानं सुपात, जून देठं खाली.

“कशाला?”

“ब्रेड्थला.”

“इंग्रजीचा प्राध्यापक तू. आणि विचारतोस मला?”

“इंग्रजी अर्थ येतो मला. मराठी शब्द सापडत नाही.”

“रुंदी म्हण.”

“ते विड्थचं झालं.”

अप्पा थांबले. हातातलं पान उलटंपालटं करून बघितलं. कीड नव्हती. ते सुपात टाकलं.

“मग राहू दे मराठी,” ते म्हणाले. “शब्दावाचून कुणाचं अडत नाही.”

“माझं अडलंय.”

...

सिद्रामप्पा गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. निवृत्तीनंतर बायको गेली, तसे ते गावाबाहेरच्या मठात येऊन राहिले. अंगावर भगवं नव्हतं. गळ्यात इष्टलिंग आणि खांद्यावर पंचा, एवढंच. तरी लोक आपापली दुखणी घेऊन त्यांच्याकडं यायचे. भावकीचं भांडण, पोरीचं मोडलेलं लग्न, सुटत नसलेली दारू. अप्पा फार बोलायचे नाहीत. काहीजण नुसतेच ओट्यावर बसायचे आणि उठून जायचे.

श्रीशैल हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आता पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवायचा. शिवाय मोबाइलवर त्याचे व्हिडिओ यायचे. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा, कुठं वापरायचा आणि कुठं नाही ते सांगायचं. गावोगावची पोरं बघायची. एकदा त्यानं गावाकडच्या मास्तरांच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल केली होती. ती फार गाजली. नक्कल अप्पांची होती. अप्पांनी ती बघितली की नाही, ते कधी बोलले नाहीत.

दिवाळीपासून मात्र श्रीशैलचा एकही व्हिडिओ आला नव्हता.

आज तो पुण्याहून एकटाच गाडी चालवत आला होता. शेतातल्या वस्तीवर न जाता आधी मठाखाली गाडी लावली आणि पायऱ्या चढून वर आला. दाढी वाढलेली. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

“फरक सांग बरं मला,” अप्पा म्हणाले. “विड्थ आणि ब्रेड्थचा.”

श्रीशैलचा आवाज आपोआप वर्गातला झाला.

“विड्थ म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंतचं अंतर. टेप लावायची, मोजायचं. रस्त्याची विड्थ, दाराची विड्थ. ब्रेड्थचाही अर्थ तोच. पण शब्द जरा भारदस्त. मोजता येत नाही तिथंही चालतो. ज्ञानाची ब्रेड्थ म्हणतात, ज्ञानाची विड्थ म्हणत नाहीत. तसंच ब्रॉड आणि वाईड. छाती ब्रॉड असते, मन ब्रॉड असतं. फट मात्र वाईड असते. दोन गोष्टींच्या मधे जे रिकामं राहतं...”

तो बोलता बोलता थांबला.

“चांगलं सांगितलंस,” अप्पा म्हणाले. “मी असं कधी सांगितलं नव्हतं.”

“शेवटचा व्हिडिओ याच्यावरच होता. अर्धा राहिला.”

“का?”

“तोंडातून शब्द निघेना.”

“कुठला?”

“तोच. मी तीनचारदा सुरुवात केली. ‘नमस्कार, आजचा आपला शब्द आहे...’ आणि पुढं अण्णाच दिसायला लागला. हसताना.”

अप्पा भाजी निवडत राहिले.

...

अण्णा म्हणजे श्रीशैलचा थोरला भाऊ, रेवणसिद्ध. गाव त्याला रेवण म्हणायचं. तोही अप्पांच्याच हाताखाली शिकला, पण इंग्रजीनं त्याला नववीच्या पुढं जाऊ दिलं नाही. मग तो शेतात गेला आणि शेतातच राहिला. त्याला त्याचं वाईट वाटलेलं कुणी बघितलं नाही. धाकट्याचं नाव निघालं की मात्र तो पुढं सरसावून सांगायचा, “आमचा श्रीशैल इंग्रजी शिकवतोय, पुण्यात. पुण्यातल्या पोरांना.”

वडील वारल्यावर वर्षभरात वाटणी झाली. याच मठात, याच ओट्यावर. पंच बसले होते, अप्पाही होते. रस्त्यालगतची पुढची पट्टी श्रीशैलला आली. मागची रेवणला आली, कारण वस्ती तिथं होती, विहीर तिथून जवळ होती आणि रेवण, त्याची बायको महानंदा आणि दोन म्हशी तिथंच राहत होत्या. रेवणला रस्त्यावर यायचं तर श्रीशैलच्या पट्टीतून यावं लागणार होतं.

“मधनं वाट सोडायची,” पंच म्हणाले. “किती सोडायची ते भावाभावांनी बोला.”

रेवण म्हणाला, “बोलायचं काय त्यात. श्रीशैल म्हणंल तसं.”

श्रीशैल तेव्हा डाळिंब लावायचा विचार करत होता. ओळींचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता. तो म्हणाला, “वाटेची ब्रेड्थ तीन फूट धरू.”

“ब्रेड?” रेवण म्हणाला. “पावाचं काय काढलंस मधीच?”

सगळे हसले. पंच हसले. श्रीशैलही हसला. मग रेवणही हसायला लागला, सगळ्यांपेक्षा जास्त, मांडीवर थाप मारून.

हसणं ओसरल्यावर त्यानं डोळे पुसत विचारलं, “तसं न्हवं, ब्रेड्थ म्हंजी केवढी?”

“लागते तेवढी,” श्रीशैल म्हणाला.

“मग झालं की.”

आणि ठरलं.

...

“तुम्ही होतात इथं,” श्रीशैल म्हणाला. त्याचा आवाज आता वर्गातला राहिला नव्हता. “त्या खांबाला टेकून बसला होतात.”

“हो.”

“हसण्यात ते तीन फूट विरून गेले. पंचांना कळलं नाही. अण्णाला कळलं नाही. तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं होतं.”

“तीन फुटांतून बैलगाडी जात नाही, हेही कळलं होतं.”

“तेही कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

अप्पांचा हात सुपात तसाच राहिला. समोरच्या बेलावर एक कावळा येऊन बसला, फांदी बदलली, उडून गेला.

“अप्पा...”

“तुझा उच्चार ऐकत होतो,” अप्पा म्हणाले. “फार शुद्ध होता. माझ्या शाळेतलं पोर असं बोलतंय, म्हणून ऐकत राहिलो.”



...

डाळिंब लावलं आणि वर्षभरात श्रीशैलनं वाटेच्या दोन्ही बाजूंनी दगडी खांब रोवून काटेरी तार ओढली. रेवणच्या म्हशी रोपांना तोंड लावतात, अशी बागेच्या ठेकेदाराची तक्रार होती. वाट विहिरीपाशी एक वळण घेत होती, तिथंही तार तशीच वळवली.

रेवणची बैलगाडी रस्त्यावरच राहिली. पुढं तिचं लाकूड वाळवीनं खाल्लं. ज्वारीची पोती तो पाठीवरून न्यायला लागला. तारेनं त्याच्या सदऱ्यांच्या बाह्या फाटायच्या, महानंदा त्या शिवायची. गावात कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “एका माणसाला जायला किती जागा लागती वो?”

फोन त्यानं एकदाच केला.

“श्रीशैल, त्या वाटंचं जरा...”

“अण्णा, मी वर्गात आहे. आणि हे बघ, ठरलंय ते ठरलंय.”

“तसं न्हाई. मी म्हणलं, इचारून तर बघावं. ठेव. पोरं बसली असतील.”

त्यावेळी श्रीशैल वर्गात नव्हता. घरी होता. हे त्यानं आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

अप्पा म्हणाले, “वाट केवढी होती, हातानं दाखव.”

“तीन फूट.”

“आकडा नको. हातानं दाखव.”

श्रीशैलनं दोन्ही हात समोर धरले, तळवे एकमेकांकडं करून. जरा आत घेतले, जरा बाहेर केले.

“एवढी.”

“तसेच ठेव.”

अप्पांनी पुन्हा भाजी ओढली. श्रीशैल हात धरून बसला. पहिल्यांदा त्याला ते बालिश वाटलं. मग खांदे भरून आले. मग कोपरं थरथरायला लागली.

अप्पा त्या दोन हातांमधल्या जागेकडं बघत होते.

“यातनं रेवण जात होता?”

“जात होता. रोज.”

“चालत.”

“हो.”

“निजून नाही गेला.”

श्रीशैलचे हात खाली पडले.

...

“हेअर्स ब्रेड्थ,” अप्पा म्हणाले. “याचं मराठी कर.”

“आता कशाला, अप्पा?”

“तूच विचारलंस. हेअर्स ब्रेड्थ.”

“केसभर.”

“फिंगर्स ब्रेड्थ.”

“बोटभर.”

“मग ब्रेड्थ कुठं गेली?”

श्रीशैलनं वर बघितलं.

“...भर.”

“मी तीस वर्षं शिकवलं, मलाही दिसलं नव्हतं. रेवण गेला त्यानंतर रात्रंदिवस तोच शब्द डोक्यात होता, तेव्हा दिसलं.” अप्पांनी हात पंचाला पुसले. “पण भर एकटा उभा राहत नाही. त्याच्या आधी कायतरी ठेवावं लागतं. केस ठेवला तर केसभर. बोट ठेवलं तर बोटभर.”

“मी फूट ठेवले.”

“हं.”

“आणि काय ठेवायचं होतं?”

 अप्पांनी दुसरंच विचारलं.

“त्या दिवशी ओढ्याला पाणी किती होतं?”



“वहिनी म्हणाल्या, मांडीभर.”

...

ते सगळं महानंदानं त्याला दिवसकार्य झाल्यावर सांगितलं होतं. तिनं दोष दिला नाही. श्रीशैलनं विचारलं, “वहिनी, नेमकं काय झालं?” आणि तिनं नेमकं काय झालं ते सांगितलं, म्हशीच्या पुढ्यात वैरण टाकता टाकता.

सकाळी धार काढून रेवण आत आला आणि छातीला हात लावून खाली बसला. घामानं सदरा भिजला. महानंदानं शेजारच्या शेतातल्या बसप्पाला हाक मारली. त्यानं अँब्युलन्सला फोन केला. गाडी तालुक्याहून लवकर आली, तेवढं बरं झालं. पण ती रस्त्यावर येऊन थांबली. आत यायला वाट नव्हती. दवाखान्यातला डॉक्टर फोनवर म्हणाला, चालवू नका, उठवू नका, आडवंच आणा, आणि त्यांना शांत ठेवा.

गाडीबरोबरचं स्ट्रेचर मोडकं निघालं. मग रेवणला बाजेवर निजवलं. बसप्पा, गाडीचा ड्रायव्हर आणि शेजारचे दोघं, अशा चौघांनी बाज उचलली.

तारेच्या तोंडाशीच अडलं. चार माणसं दोन्ही बाजूंनी मावेनात. मग एक पुढं, एक मागं असे दोघं धरून निघाले. रेवण अंगानं भारी. तारेचे काटे बाजेच्या सुंभात अडकायचे, सोडवायचे, पुढं जायचं. विहिरीच्या वळणावर बाज फिरेना. लांबट बाज, वाट अरुंद, कोपऱ्यावर दगडी खांब. मागं घेतली, वाकडी केली, पुन्हा घातली. फिरेना.

बसप्पा पळत जाऊन पक्कड घेऊन आला. त्यानं पहिली तार पकडीत धरली.

तेव्हा रेवण बोलला. सकाळपासून पहिल्यांदा.

“तार तोडू नगा.”

“अण्णा, गप पडा तुम्ही,” बसप्पा म्हणाला.

“तोडू नगा. श्रीशैलची हाय.”

आणि तो उठायला लागला. बाजेवरून हात काढून त्यानं बसप्पाचं मनगट धरलं. बसप्पा म्हणतो, ती पकड मी आयुष्यात विसरणार नाही. रेवणचा चेहरा काळानिळा झाला होता आणि तो उठून बसायचं बघत होता. डॉक्टरचा फोन चालूच होता. “त्यांना शांत ठेवा,” तो ओरडत होता. “उठू देऊ नका.”

महानंदानं एकवार तारेकडं बघितलं, एकवार नवऱ्याकडं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “ओढ्याकडनं घ्या.”

बाज मागं घेतली. वस्तीच्या मागून उतार, मग ओढा, मग पलीकडची चढण, मग बांधाबांधानं रस्ता. परतीचा पाऊस होऊन गेला होता, ओढा वाहत होता. चौघं पाण्यात उतरले. बाज खांद्यावर घेतली. महानंदा शेजारून चालत होती, एक हात बाजेच्या काठावर, लुगडं मांडीपर्यंत भिजलेलं.

मधोमध रेवणनं तिच्याकडं बघितलं.

“तोडली न्हाई न्हवं?”

“न्हाई,” ती म्हणाली. “तोडली न्हाई.”

पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तो गेला होता.

...

“तुम्हाला हे ठाऊक होतं,” श्रीशैल म्हणाला.

“महानंदा इथं येऊन बसते कधीकधी.”

“काय बोलते?”

“बसते.”

ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. अप्पांनी सूप बाजूला सरकवलं.

“मी दुसऱ्याच दिवशी तार तोडली, अप्पा. स्वतः. पक्कड घेऊन. हाताला काटे लागले, तरी तोडत राहिलो. खांब उपटले. डाळिंबाच्या दोन ओळी जेसीबीनं काढल्या. मुरूम टाकला, रोलर फिरवला. आता तिथून ट्रक जाईल.”

“बघितलं मी. मोठी झाली वाट.”

“वहिनी त्या वाटेनं येत नाहीत.”

“मग कुठून येते?”

“संध्याकाळी दूध घालायला जातात, ते ओढ्यातून. दळण आणतात, ते ओढ्यातून. किटली डोक्यावर घेतात, लुगडं वर खोचतात आणि पाण्यातून जातात. एवढी मोठी वाट दारात पडलीय. पाऊल ठेवत नाहीत. त्या पडतील एखाद दिवशी. शेवाळ आहे तिथं.”

“तू बोललास तिच्याशी?”

“बोललो. म्हणालो, वहिनी, वाट मोठी केलीय. तर म्हणाल्या...”

तो थांबला. खालचा ओठ त्यानं दातात धरला होता.

“काय म्हणाली?”

“‘दिसतंय की, भावजी.’ एवढंच म्हणाल्या. आणि किटली उचलून ओढ्याकडं वळल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर...”



खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. 

“मी झोपत नाही, अप्पा. वर्गात उभा राहतो आणि फळ्याच्या दोन कडा दिसतात नुसत्या. घराच्या दारातून जाताना मी अंग चोरतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. गोळ्या दिल्यात. गोळीनं झोप लागते आणि झोपेत बाज फिरत नाही.”

“हं.”

“मी अण्णाला फसवलं नव्हतं. खरं सांगतो. तीन फूट म्हणजे तीन फूट. मी खोटं बोललो नव्हतो.”

“नव्हतास.”

“त्यानं विचारलं असतं तर मी वाढवली असती.”

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

श्रीशैलची मान खाली गेली.

“त्यानं विचारलं होतं,” तो म्हणाला. “दोनदा विचारलं होतं.”

तो रडला नाही. रडणं आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्याकडं बघून वाटत होतं. तो ओट्याच्या दगडावर बोटानं एक रेघ काढत होता, मग शेजारी दुसरी, मग दोन्ही पुसल्यासारखं करत होता. दगडावर काहीच उमटत नव्हतं.

“मला सांगा काहीतरी,” तो म्हणाला. “तुम्ही सगळ्यांना सांगता. दारूवाल्यांना सांगता, भांडणाऱ्यांना सांगता. ती जमीन मी वहिनींच्या नावानं करून देतो म्हणालो, त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, ‘मला एकटीला किती लागती.’ पुण्याला चला म्हणालो, तर म्हशींकडं बघितलं. आता देण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नाही आणि घेणारंही कुणी नाही. प्रायश्चित्त असतं ना आपल्यात? काहीतरी असेलच. उपास, अभिषेक, कुठं पायी जायचं असेल तर जातो. लांब असेल तरी जातो.”

अप्पा उठले. उठताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. त्यांनी खाली पडलेली देठं गोळा केली, ओट्याच्या कडेला शेळीसाठी ठेवली. सूप आत नेलं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. श्रीशैलला वाटलं, झालं, आता ते येणार नाहीत.

ते आले. हातात पाण्याचा तांब्या होता. त्याच्यासमोर ठेवला. तो प्यायला नाही.

“मला सांगण्यासारखं काही येत नाही, श्रीशैल,” अप्पा म्हणाले. “मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. त्याच्यानंतर मी जे जे बोललो, ते उशिराचंच आहे.”

“म्हणजे काहीच नाही?”



अप्पा खालच्या पायरीवर उतरले आणि तिथून पश्चिमेकडं बघत उभे राहिले. तिकडं शेतांच्या पलीकडं ओढ्याकाठच्या बाभळींची रांग दिसत होती. धार काढायची वेळ टळून गेली होती.

“इथून वस्तीवर जाणार?”

“जातो. वहिनींना भेटून रात्रीच परत निघेन.”

“कशानं जाणार?”

“गाडीनं. आता दारापर्यंत जाते गाडी.”

“गाडी इथं राहू दे. चपला पण राहू देत. ओढ्यानं जा.”

श्रीशैल उठला. त्याला कळलं तसं वाटलं आणि कळलं नाही तसंही वाटलं. चपला काढायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“या वेळेला त्या दूध घेऊन निघतात. पाण्यात गाठ पडेल.”

“पडेल.”

“त्यांनी तोंड फिरवलं तर?”

“फिरवेल,” अप्पा म्हणाले. “तू पाण्यात उभा राहा.”